शिवाजी पार्क ते धारावी : नागरी सामुदायिक आरोग्य आणि लोकसहभाग

प्रस्तावना

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या जी/उत्तर विभागात दादर पश्चिम, माहीम आणि धारावी हे परिसर समाविष्ट आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार या विभागाची लोकसंख्या सुमारे सहा लाख होती. विभागाच्या एका टोकाला शिवाजी पार्कचे विस्तीर्ण मैदान, त्याभोवतीचा कट्टा आणि १९३० व १९४० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती आहेत. दुसऱ्या टोकाला जेमतेम दोन-अडीच चौरस किलोमीटरांत लाखो माणसे सामावून घेणारी धारावी आहे. या दोन्ही वस्त्यांच्या आरोग्याचा कारभार मात्र प्लाझा चित्रपटगृहामागील एकाच विभाग कार्यालयाकडे आहे. एकच प्रशासन, एकच आरोग्य खाते आणि परस्परांहून अत्यंत भिन्न असे नागरिक, या वैशिष्ट्यामुळे नागरी आरोग्यातील लोकसहभागाचा अभ्यास करण्यासाठी हा विभाग विशेष उपयुक्त ठरतो.

सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत 'लोकसहभाग' हा शब्द आज सर्रास वापरला जातो. लसीकरणाची मोहीम असो, डेंग्यूविरोधी जनजागृती असो किंवा रक्तदाब तपासणी असो, प्रत्येक उपक्रमाच्या अहवालात लोकसहभागाचा उल्लेख असतोच. परंतु या शब्दाचा नेमका अर्थ काय, याचा विचार क्वचितच होतो. महानगरपालिकेचे कुटुंब कल्याण व माता-बाल संगोपनाचे काम करणारे कर्मचारी नागरिकांच्या दारापर्यंत पोहोचतात, हे खरे आहे. पण नागरिकांचे म्हणणे त्याच वाटेने परत महानगरपालिकेपर्यंत पोहोचते काय, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार जी/उत्तर विभागाच्या आणि प्रसंगी मुंबई शहराच्या अनुभवाच्या आधारे केला आहे.

लोकसहभाग : संकल्पना

सप्टेंबर १९७८ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील अल्मा-आता येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला. आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत व्यक्तिशः व सामूहिकरीत्या भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे, असे या जाहीरनाम्यात नमूद करण्यात आले. येथे 'नियोजन' हा शब्द महत्त्वाचा आहे. ठरलेल्या कार्यक्रमाला उपस्थित राहणे म्हणजे सहभाग नव्हे, तर कार्यक्रम ठरवताना आपले म्हणणे विचारात घेतले जाणे म्हणजे सहभाग, असा त्याचा आशय आहे.

याच्या नऊ वर्षे आधी, १९६९ मध्ये, अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. सर्वांत खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागाचा केवळ देखावा असतो. मधल्या तीन पायऱ्यांवर लोकांना माहिती दिली जाते, त्यांची मते विचारली जातात किंवा त्यांचे समाधान केले जाते. मात्र निर्णयाचा अधिकार प्रशासनाकडेच राहतो. वरच्या तीन पायऱ्यांवर भागीदारी, अधिकारांचे हस्तांतरण आणि नागरी नियंत्रण येते. ही शिडी नगर नियोजनाच्या संदर्भात मांडली गेली असली तरी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रालाही ती लागू पडते. आपल्याकडील बहुतेक आरोग्य मोहिमा या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर, म्हणजे माहिती देण्याच्या पायरीवर थांबतात, असे दिसून येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : सक्तीकडून समजुतीकडे

मुंबईतील सार्वजनिक आरोग्याचा इतिहास हा काही अंशी सक्तीच्या अपयशाचा इतिहास आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक संनिपाताच्या ज्वराचे, म्हणजेच प्लेगचे निदान केले. त्यानंतर ६ ऑक्टोबर १८९६ रोजी तत्कालीन महापालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी रुग्णांना सक्तीने वेगळे करण्याचा व रुग्णालयात हलवण्याचा आदेश काढला. घरातील आजारी माणसाला अपरिचित शिपायांनी उचलून नेणे, स्त्रियांची तपासणी परपुरुषांनी करणे, रुग्णालयात जातीपातीचे व खाण्यापिण्याचे नियम मोडले जाणे या गोष्टींमुळे लोकांत भीती आणि संताप पसरला. २९ ऑक्टोबर रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रशासनाला आदेश सौम्य करावा लागला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अस्तित्वात आला आणि सक्तीला कायद्याचे बळ मिळाले. तरीही मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल उसळली.

या काळात दोन घटना घडल्या. एक म्हणजे १८९८ मध्ये स्थापन झालेला मुंबई सुधार न्यास. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे आणि बेटाच्या उत्तर भागात हवेशीर वसाहती उभारणे हे त्याचे कार्य होते. दादर-माटुंगा परिसराचा नियोजनबद्ध विकास हे या धोरणाचेच फलित होय. म्हणजेच आजच्या दादरच्या मोकळ्या हवेमागे प्लेगची आठवण आहे. दुसरी घटना म्हणजे डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात तयार केलेली प्लेगप्रतिबंधक लस. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांना सांगण्यापूर्वी स्वतः करून दाखवणे, हा विश्वास संपादन करण्याचा मार्ग त्यात दिसतो.

समजुतीच्या मार्गाचे दुसरे उदाहरण गिरगावातील आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये तेथे संततिनियमन केंद्र सुरू केले. त्यांच्या हाती सरकारी अधिकार नव्हता, समाजाचा पाठिंबाही नव्हता. विचारायला आलेल्या माणसाला शास्त्रीय माहिती देणे आणि त्याची गुप्तता राखणे, एवढेच त्यांचे साधन होते. शिवाजी पार्कशी संबंधित एक नावही येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. १९२५ मध्ये 'माहीम पार्क' म्हणून खुल्या झालेल्या मैदानाला १९२७ मध्ये शिवाजी महाराजांचे नाव दिले गेले, ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने. अवंतिकाबाईंनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. घरातल्या दुखण्याची भाषा आणि सभागृहाची भाषा या दोन्ही जाणणारी व्यक्ती लोकप्रतिनिधी असणे म्हणजे काय, याचे त्या उदाहरण होत.

स्वातंत्र्योत्तर काळातही सक्तीचा मोह संपला नाही. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. तथापि त्या काळातील नसबंदी मोहिमांनी लोकांच्या मनात जो अविश्वास निर्माण केला, तो दीर्घकाळ टिकला. १९७७ मध्ये केंद्रीय पातळीवर 'कुटुंबनियोजन' हे नाव बदलून 'कुटुंब कल्याण' असे करण्यात आले आणि एप्रिल १९९६ पासून संततिप्रतिबंधक साधनांची वरून लादलेली उद्दिष्टे रद्द झाली. आरोग्य केंद्रांच्या पाट्यांवरील 'कुटुंब कल्याण' या दोन शब्दांमागे हा सारा इतिहास आहे. गेलेला विश्वास नाव बदलून लगेच परत येत नाही, तो दारोदार जाऊन पुन्हा मिळवावा लागतो, हा त्यातील धडा होय.

हेल्थ पोस्ट आणि आरोग्य स्वयंसेविका

हा विश्वास मिळवण्याचे काम ज्या यंत्रणेवर सोपवले गेले, तिचा आराखडा १९८० च्या दशकात तयार झाला. शहरी गरीब वस्त्यांतील कुटुंब कल्याण सेवांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या कृष्णन समितीने १९८३ मध्ये आरोग्य केंद्रांची, म्हणजे मुंबईत रूढ झालेल्या शब्दात सांगायचे तर 'हेल्थ पोस्ट'ची, रचना सुचवली. पंचवीस ते पन्नास हजार लोकसंख्येसाठी एक पूर्ण आरोग्य केंद्र आणि दर दोन हजार लोकसंख्येमागे वस्तीतीलच एक महिला स्वयंसेविका, अशी ही कल्पना होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८८ मध्ये सुरू झालेल्या पाचव्या भारतीय लोकसंख्या प्रकल्पामुळे मुंबईत या केंद्रांचे जाळे विस्तारले. प्रकल्प १९९६ मध्ये संपला, पण केंद्रे आणि स्वयंसेविका कायम राहिल्या.

आरोग्य स्वयंसेविकेच्या कामाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. ती आपल्या भागातील प्रत्येक घराची नोंद ठेवते. कोणत्या घरात गर्भवती आहे, कोणत्या बाळाची लस राहिली आहे, कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे, कोणाची क्षयरोगाची औषधे मध्येच सुटली आहेत, याची माहिती तिच्या वहीत असते. पल्स पोलिओच्या दिवसांत ती डोस घेतलेल्या बाळाच्या बोटावर शाईची खूण पाहते आणि पावसाळ्यात पिंपातल्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का हे तपासते. वरकरणी ही यादी साधी वाटते. परंतु ज्या बाईला सासूसमोर पाळणा लांबवण्याविषयी बोलता येत नाही, ती बाई या स्वयंसेविकेशी जिन्यात उभी राहून दोन वाक्ये बोलते, आणि पुढचे सारे त्या दोन वाक्यांवर अवलंबून असते. कागदावर तिचे काम माहिती गोळा करण्याचे असले तरी प्रत्यक्षात ते विश्वास टिकवण्याचे आहे.

मुंबईत अशा स्वयंसेविकांची संख्या सुमारे चार हजार असल्याचे सांगितले जाते. 'स्वयंसेविका' या नामाभिधानामुळे त्यांना वेतन नव्हे तर मानधन मिळत आले. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि प्रसूती रजा यांसाठी त्यांच्या संघटनेला वर्षानुवर्षे आंदोलने आणि न्यायालयीन लढे द्यावे लागले. गर्भवतीला विश्रांतीचे महत्त्व समजावून सांगणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या प्रसूती रजेसाठी झगडावे लागावे, ही विसंगती केवळ सेवाशर्तींपुरती मर्यादित नाही. ज्या कर्मचारी स्त्रीला यंत्रणेत स्वतःचाच आवाज नाही, ती वस्तीचा आवाज यंत्रणेपर्यंत कसा नेणार, हा त्यातील मूलभूत प्रश्न आहे.

सभा, संवाद आणि सेवा : दोन चाचण्यांचा बोध

लोकांना एकत्र आणून त्यांच्याशी चर्चा केली की आरोग्य सुधारते, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक मुंबईत शास्त्रीय पद्धतीने तपासले गेले आहे. धारावीला लागून असलेल्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये 'स्नेहा' ही संस्था स्थापन झाली. या संस्थेने महानगरपालिकेच्या सहकार्याने २००६ ते २००९ या काळात मुंबईतील ४८ झोपडपट्टी विभागांत एक चाचणी घेतली. जी/उत्तरसह सहा प्रशासकीय विभागांतून ही क्षेत्रे निवडली होती. त्यांपैकी २४ ठिकाणी स्थानिक महिलांचे गट बांधण्यात आले. गरोदरपण, बाळंतपण आणि नवजात बाळाची काळजी यांवर या गटांच्या नियमित बैठका झाल्या. उर्वरित २४ ठिकाणी असे गट नव्हते.

भारताच्या व नेपाळच्या ग्रामीण भागांत अशा गटांमुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे आढळले होते. मुंबईच्या चाचणीचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा मात्र दोन्ही प्रकारच्या वस्त्यांत बाळंतपणातील काळजी किंवा नवजात मृत्यू यांबाबत लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष निराशाजनक वाटला तरी त्याचे महत्त्व मोठे आहे. खेड्यात बाळंतपण बहुधा घरी होत असे. त्यामुळे घरातील सवयी बदलल्या की परिणाम दिसत असे. मुंबईत बहुसंख्य बाळंतपणे रुग्णालयात होतात. तेथे बाळाचे भवितव्य रुग्णालयातील खाटा, संदर्भ सेवा आणि रात्री-अपरात्री उपलब्ध असणारे डॉक्टर यांवर अवलंबून असते. केवळ आईला शहाणे करून रुग्णालयातील उणीव भरून निघत नाही.

याच संस्थेची पुढील चाचणी शहराच्या पूर्व भागातील वस्त्यांत झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. या वेळी केवळ बैठका न घेता वस्तीत साधन केंद्रे उघडण्यात आली, घरभेटी देण्यात आल्या आणि गरजूंना प्रत्यक्ष सेवेशी जोडून देण्यात आले. या वस्त्यांत कुटुंबनियोजनाची गरज भागण्याचे प्रमाण वाढले. लसीकरणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. दोन्ही चाचण्या एकत्र पाहिल्यास असे म्हणता येईल, की संवादाला सेवेची जोड मिळाली तरच, आणि तीही काही बाबतींतच, फळ मिळते. लोकसहभाग हा सेवेला पर्याय नाही. लोक बोलले आणि यंत्रणेकडे देण्यासारखे काही नसले, तर तो संवाद हळूहळू आटतो.

धारावी : २०२० चा अनुभव

१ एप्रिल २०२० रोजी धारावीत कोविडचा पहिला रुग्ण आढळला. एका खोलीत आठ-दहा माणसे आणि बहुसंख्य रहिवाशांसाठी सार्वजनिक शौचालये, अशा वस्तीत 'घरातच वेगळे राहा' हा सल्ला निरर्थक होता. जी/उत्तर विभागाने हे वास्तव लवकर ओळखले. शाळा, सभागृहे आणि क्रीडा संकुल यांत विलगीकरणाची सोय करण्यात आली, निसर्ग उद्यानात तात्पुरते रुग्णालय उभे राहिले, सार्वजनिक शौचालयांचे वारंवार निर्जंतुकीकरण सुरू झाले आणि जेवणाची व्यवस्था झाली. रुग्ण स्वतःहून येण्याची वाट न पाहता त्याचा शोध घेण्यासाठी ताप तपासणी शिबिरे आणि घरोघरी पाहणी हाती घेण्यात आली.

या कामात स्थानिक खासगी डॉक्टरांचा सहभाग निर्णायक ठरला. धारावीतील बहुसंख्य कुटुंबे किरकोळ आजारासाठी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातात. त्याच्या शब्दाला तेथे वजन असते. हे डॉक्टर महापालिकेच्या पथकांबरोबर गल्लोगल्ली फिरू लागले तेव्हा बंद दारे उघडू लागली. आरोग्य स्वयंसेविकांना कोणत्या घरात कोण राहते हे आधीपासून माहीत होते. नव्या साथीविरुद्धचा लढा अशा रीतीने जुन्या ओळखीवर उभा राहिला. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी धारावीचा उल्लेख जगापुढील उदाहरण म्हणून केला. २५ डिसेंबर २०२० रोजी, साथ सुरू झाल्यापासून प्रथमच, धारावीत दिवसभरात एकही नवा रुग्ण आढळला नाही.

या यशाचे विश्लेषण करताना एक बाब दुर्लक्षिली जाते. १८९६ मध्येही रुग्णाला घराबाहेर नेले जात होते आणि २०२० मध्येही नेले गेले. दोन्ही वेळा साथरोग कायद्याचे किंवा आदेशाचे बळ प्रशासनापाशी होते. फरक असा की, २०२० मध्ये नेणाऱ्यांत ओळखीचा चेहरा होता, नेण्याच्या ठिकाणी जेवण होते आणि मागे राहिलेल्या कुटुंबाची विचारपूस होती. पायाभूत आदेश सारखाच असला तरी त्याला मिळालेला प्रतिसाद वेगळा होता, याचे कारण या तीन गोष्टींत शोधले पाहिजे.

शिवाजी पार्क : मागणी करणारे नागरिक

शिवाजी पार्क परिसरातील चित्र याच्या उलट आहे. येथे महापालिकेला नागरिकांच्या दारी जावे लागत नाही, नागरिकच महापालिकेच्या दारी जातात. मे २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क परिसराला शांतता क्षेत्र मानून ध्वनिप्रदूषणास आळा घातला, तो नागरिकांनी दाखल केलेल्या जनहित याचिकेमुळे. अलीकडचा प्रश्न मैदानातील लाल मातीचा आहे. मैदानावर टाकलेली बारीक लाल माती कोरड्या ऋतूत समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याने उडते आणि आजूबाजूच्या घरांत जाते. सूक्ष्म धूलिकण श्वसनमार्गात खोलवर जात असल्याने लहान मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना त्याचा विशेष त्रास होतो. रहिवाशांच्या संघटनेने या प्रश्नाचा पाठपुरावा केला. पाणी शिंपडणे, पर्जन्यजल साठवून ते मैदानासाठी वापरणे, हिरवळ लावणे असे उपाय वेळोवेळी पुढे आले. अखेरीस जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने महापालिकेला ही माती काढण्याबाबत निर्देश दिले.

या प्रकरणात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे आरोग्याचा प्रश्न आरोग्य खात्याच्या कक्षेबाहेर असू शकतो. धुळीमुळे होणारा खोकला दवाखान्यात नोंदवला जातो, पण त्याचा उपाय मैदानाची देखभाल करणाऱ्या खात्याकडे असतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पत्रव्यवहार, माहिती अधिकार, वृत्तपत्रे, न्यायालय ही साधने हाताशी असलेल्या सुशिक्षित रहिवाशांनाही मैदानातील माती हटवण्याबाबतचा स्पष्ट निर्देश मिळवण्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा करावा लागला. ज्यांच्याकडे ही साधने नाहीत, त्यांच्या गल्लीतील तुंबलेल्या गटाराचे किंवा बंद शौचालयाचे काय होत असेल, याची कल्पना यावरून करता येते.

शिवाजी पार्कच्या नागरिकांनाही आरोग्य खात्याच्या संवादाची गरज आहे, हेही विसरून चालणार नाही. इमारतींच्या परिसरात स्वयंसेविकेला सुरक्षारक्षकच अडवतो, अशी अडचण शहरभर सांगितली जाते. वास्तविक महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार २०२१ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात १८ ते ६९ वयोगटातील सुमारे ३४ टक्के मुंबईकरांना उच्च रक्तदाब आणि सुमारे १८ टक्के मुंबईकरांना मधुमेह असल्याचे आढळले. हे आजार झोपडपट्टी आणि इमारत असा भेद करत नाहीत. वृद्धांची संख्या मोठी असलेल्या दादरसारख्या परिसरात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नियमित विचारपूस हा सामुदायिक आरोग्याचाच विषय आहे.

परतीची वाट का बंद आहे?

वरील विवेचनावरून असे दिसते, की जी/उत्तर विभागात दोन प्रकारचे अपुरे संवाद एकाच वेळी चालू आहेत. धारावीत प्रशासन बोलते आणि लोक ऐकतात; शिवाजी पार्कमध्ये लोक बोलतात आणि प्रशासनाला ऐकायला वेळ लागतो. दोन्ही ठिकाणी परतीची वाट अरुंद आहे. याची तीन प्रमुख कारणे सांगता येतील.

पहिले कारण नोंदींच्या स्वरूपात आहे. स्वयंसेविकेच्या वहीत गर्भवती, बालके, लसी आणि रुग्ण यांचे रकाने असतात. 'लोक काय म्हणाले' यासाठी रकाना नसतो. दवाखान्याची वेळ कामावर जाणाऱ्या बाईला सोयीची नाही, ही माहिती प्रत्येक स्वयंसेविकेला असते. पण ती कोठेही नोंदवली जात नाही म्हणून वर पोहोचत नाही. २०२२ मध्ये मुंबईत 'आपला दवाखाना' योजना सुरू झाली, तेव्हा या दवाखान्यांच्या वेळा सायंकाळी, रात्री दहापर्यंत ठेवण्यात आल्या. वेळेसारख्या साध्या गोष्टीवर रुग्ण येणे-न येणे अवलंबून असते, हे त्यातून मान्य झाले.

दुसरे कारण समित्यांच्या क्षीणतेत आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती असावी आणि तिला स्थानिक गरजांसाठी अल्पसा मुक्त निधी मिळावा, अशी तरतूद आहे. समितीला ठरवण्याचा अधिकार देणारी ही तरतूद अर्नस्टीन यांच्या शिडीवरील वरच्या पायऱ्यांकडे नेणारी आहे. परंतु बैठकीचे इतिवृत्त विभाग कार्यालयात वाचले जाऊन त्याला लेखी उत्तर देण्याची सक्ती नसेल, तर अशी समिती पुन्हा माहिती देण्याच्या पायरीवरच घसरते.

तिसरे कारण प्रतिनिधित्वाचे आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून प्रभाग समित्यांना घटनात्मक स्थान दिले. मुंबईत मात्र ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर जवळजवळ चार वर्षे निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे राहिला. ही निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये पार पडली. मधल्या काळात दवाखान्यातील औषधांच्या तुटवड्याविषयी प्रश्न विचारणारा स्थानिक लोकप्रतिनिधी अधिकृतपणे अस्तित्वात नव्हता. अवंतिकाबाई गोखले यांच्या काळात, परकीय सत्ता असतानाही, जी सोय मुंबईकरांना होती, ती या काळात नव्हती, ही बाब चिंतनीय आहे.

निष्कर्ष

सामुदायिक आरोग्यात लोकांना सहभागी करून घेणे म्हणजे त्यांना अधिक वेळा बोलावणे नव्हे, तर त्यांच्या म्हणण्याला उत्तर देण्याची जबाबदारी स्वीकारणे होय. प्लेगच्या काळात आणि आणीबाणीत ही जबाबदारी नाकारली गेली, तेव्हा योग्य उपायही लोकांना शत्रूसमान वाटले. २००६ ते २००९ च्या चाचणीने दाखवले, की सेवा तीच राहिली तर चांगला संवादही अपुरा पडतो. २०२० मध्ये धारावीत संवाद आणि सेवा हातात हात घालून चालल्या, तेव्हा परिणाम जगाने पाहिला. शिवाजी पार्कच्या धुळीने हेही दाखवून दिले, की बोलू शकणाऱ्यांनाही उत्तर मिळण्याची खात्री नसते.

या दृष्टीने काही व्यवहार्य सुधारणा सुचवता येतील. आरोग्य स्वयंसेविकेच्या नोंदवहीत नागरिकांच्या तक्रारी व सूचनांसाठी स्वतंत्र रकाना असावा आणि त्याचा मासिक गोषवारा विभागीय वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यापुढे ठेवला जावा. महिला आरोग्य समितीच्या प्रत्येक ठरावाला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळावे. नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकांच्या प्रभाग समितीत आरोग्य हा कायमचा विषय असावा आणि त्या बैठकीला स्वयंसेविकांच्या प्रतिनिधीस निमंत्रण असावे. गृहनिर्माण संस्थांनी आपल्या प्रवेशद्वारावर स्वयंसेविकेला अडवू नये, यासाठी विभाग कार्यालयाने त्यांच्याशी औपचारिक संपर्क साधावा. आणि ज्या स्त्रियांच्या ओळखीवर ही सारी यंत्रणा उभी आहे, त्यांना 'स्वयंसेविका' या शब्दाच्या आडून हक्कांपासून दूर ठेवणे थांबवावे.

महाविद्यालयांनाही येथे भूमिका आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची पथके पथनाट्ये आणि प्रभातफेऱ्या काढतात. त्याच विद्यार्थ्यांना वस्तीत जाऊन लोकांचे म्हणणे शिस्तबद्ध रीतीने नोंदवण्याचे प्रशिक्षण देता येईल. जनजागृतीच्या घोषणा देणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा ऐकून घेऊन नीट लिहिणारा विद्यार्थी सार्वजनिक आरोग्याला अधिक उपयोगी पडेल. महापालिकेचा निरोप घरापर्यंत नेणारी वाट गेल्या चाळीस वर्षांत तयार झाली आहे. घरातला निरोप महापालिकेपर्यंत नेणारी वाट तयार करणे, हे पुढील काळाचे काम आहे.